तेलाच्या पाचरीवर उभा शाफ्ट : द्रायू बेअरिंगविषयी वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी निवडलेले सगळे प्रश्न एकाच विषयावरचे आहेत : ज्या बेअरिंगमध्ये गोळ्या नसतात, रोलर नसतात आणि फिरणारा भाग तेलाच्या, पाण्याच्या किंवा हवेच्या पातळ थरावर तरंगतो, ते बेअरिंग. द्रव आणि वायू मिळून द्रायू, म्हणून ही द्रायू बेअरिंग्ज. बेअरिंगला ‘धारवा’ असा मराठी प्रतिशब्द आहे, पण कारखान्यात तो कोणाच्या तोंडी नाही. म्हणून उत्तरांत बेअरिंग हाच शब्द ठेवला आहे.

प्रश्न : आमच्या साखर कारखान्यातल्या टर्बाइनच्या बेअरिंगला तेल जेमतेम १.२ बार दाबाने मिळते. रोटरचे वजन बेअरिंगच्या क्षेत्रफळाने भागले तर उत्तर १२ बारच्या आसपास येते. मग इतक्या कमी दाबाचे तेल रोटरला उचलते कसे?
— टर्बाइन ऑपरेटर, सांगली जिल्हा

उत्तर : पंप रोटर उचलतच नाही. त्याचे काम दोनच : बेअरिंगपर्यंत तेल पोचवणे आणि तिथली उष्णता तेलाबरोबर बाहेर काढणे. रोटर उचलणारा दाब शाफ्ट स्वतः फिरून तयार करतो.

बेअरिंगचा बोर, म्हणजे आतले गोल भोक, शाफ्टपेक्षा किंचित मोठा असतो. मशीन थांबलेले असताना शाफ्ट तळाला टेकतो आणि दोघांमधली पोकळी चंद्रकोरीसारखी होते : वर रुंद, खाली येता येता निमुळती. शाफ्ट फिरू लागला की त्याच्या अंगाला चिकटलेले तेल त्याच्याबरोबर या निमुळत्या जागेत ओढले जाते. पुढे जागा कमी आणि मागून तेल येतच असते. तेल दाबले तरी आक्रसत नाही, त्यामुळे त्याचा दाब चढतो. लाकडात पाचर ठोकल्यावर लाकूड उचलले जाते, तसा शाफ्ट या तेलाच्या पाचरीवर उचलला जातो. तो बरोबर तळाच्या वर उभा राहत नाही. फिरण्याच्या दिशेने थोडा बाजूला सरकून स्थिर होतो. सर्वांत पातळ थरही मग तिकडेच असतो.

हे प्रथम योगायोगाने लक्षात आले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बीचम टॉवर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर घर्षणाच्या चाचण्या घेत होते. तेल घालण्यासाठी त्यांनी वरच्या पितळी भागाला भोक पाडले, तर तेल आत जाण्याऐवजी उलट भोकातून वर येऊ लागले. बूच मारले, ते उडाले. लाकडी खुंटी मारली, तीही बाहेर ढकलली गेली. शेवटी दाबमापक लावला, तेव्हा काटा सरासरी भाराच्या दुपटीपलीकडे गेला. या निरीक्षणामागचे गणित ऑसबर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये मांडले. आजही बेअरिंगचा आराखडा करणारे संगणक तेच समीकरण सोडवतात.

आकड्यांत पाहू. ५० मिमी व्यासाचा आणि तेवढ्याच लांबीचा जर्नल, म्हणजे शाफ्टचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, घ्या. वेग मिनिटाला १५०० फेरे, भार ५००० न्यूटन म्हणजे सुमारे ५१० किलो, व्यासावरचा क्लिअरन्स (शाफ्ट आणि बोर यांच्या व्यासांतला फरक) ०.०५ मिमी, आणि चालू तापमानाला तेलाचा दाटपणा (व्हिस्कॉसिटी) ०.०३ पास्कल-सेकंद. सरासरी दाब २० बार येतो. सर्वांत पातळ जागी तेलाचा थर सुमारे १७ मायक्रॉन राहतो, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण चौथा भाग. तेल घुसळण्यात साधारण १५० वॉट खर्च होतात आणि त्या सगळ्याची उष्णता होते. एवढ्याशा जागेत १५० वॉटचा दिवा पेटता ठेवल्यासारखेच हे आहे. तुमचा १.२ बारचा पंप ही उष्णता वाहून नेण्यासाठी आहे.

म्हणूनच तेलाचा दाब पडताच टर्बाइन ट्रिप होते, म्हणजे आपोआप बंद पडते, आणि बॅटरीवरचा आणीबाणीचा पंप चालू होतो. ट्रिप झाल्यावरही रोटर बराच वेळ फिरत असतो. त्या वेळात ताजे तेल मिळाले नाही, तर बेअरिंगचा व्हाइट मेटल (आतला मऊ मिश्रधातूचा थर) वितळून पुसला जातो. तो पंप दर आठवड्याला प्रत्यक्ष चालवून पाहा. पॅनेलवरचा हिरवा दिवा म्हणजे चाचणी नव्हे.

प्रश्न : पुस्तकात हायड्रोडायनॅमिक, हायड्रोस्टॅटिक, एअरोस्टॅटिक, जर्नल, थ्रस्ट, टिल्टिंग पॅड, फॉइल, स्क्वीझ फिल्म अशी लांबलचक यादी आहे. यातले एकाच पातळीवरचे प्रकार कोणते आणि पोटप्रकार कोणते, हे समजत नाही.
— यंत्र अभियांत्रिकी पदविकेची विद्यार्थिनी, इचलकरंजी

उत्तर : गोंधळ होणे स्वाभाविक आहे, कारण या यादीत तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे एकत्र मिसळली आहेत. कोणतेही द्रायू बेअरिंग समोर आले की हे प्रश्न वेगळे विचारा.

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : दाब कोण तयार करतो? शाफ्टच्या फिरण्याने पाचर होऊन दाब आला, तर हायड्रोडायनॅमिक. बाहेरच्या पंपाने उच्च दाबाचे तेल खिशांमध्ये सोडून भार उचलला, तर हायड्रोस्टॅटिक. यात शाफ्ट फिरत नसला तरी तरंगतो. दोन पृष्ठभाग एकमेकांकडे ढकलले जाताना मधले तेल निसटायला वेळ लागतो आणि तेवढ्यापुरता दाब येतो, ती स्क्वीझ फिल्म. इंजिनातली पिस्टन पिन पूर्ण फिरत नाही, नुसती डोलते. ती मुख्यतः या तिसऱ्या प्रकारावर तगून असते, कारण प्रत्येक फेरीत भाराची दिशा बदलते आणि सुटलेल्या बाजूला तेल पुन्हा शिरते.

दुसरा प्रश्न : द्रायू कोणता? द्रवाऐवजी हवा किंवा वायू असेल तर पहिल्या दोन प्रकारांची नावे एअरोडायनॅमिक आणि एअरोस्टॅटिक होतात. तत्त्व तेच, पण हवेचा दाटपणा वरच्या उदाहरणातल्या तेलाच्या सोळाशेव्या भागाइतका, त्यामुळे भार कमी पेलतो आणि फट फार लहान ठेवावी लागते. फॉइल बेअरिंग हे एअरोडायनॅमिकच. फक्त त्याचा पृष्ठभाग पातळ, लवचीक पत्र्याचा असतो. विमानाच्या वातानुकूलन यंत्रणेतल्या छोट्या टर्बाइन अशा बेअरिंगवर चालतात, तेलाचा थेंबही न लागता.

तिसरा प्रश्न : भार कोणत्या दिशेचा? शाफ्टला आडवा असेल तर जर्नल, शाफ्टच्या लांबीच्या दिशेने असेल तर थ्रस्ट. टिल्टिंग पॅड दोन्हींत असतात. हे पॅड अखंड नसून वेगवेगळे आणि थोडे डुलू शकणारे असतात, त्यामुळे वेग आणि भार बदलला की प्रत्येक पॅड आपल्या पाचरीचा कोन स्वतः जुळवून घेतो. ऑस्ट्रेलियात मिशेल आणि अमेरिकेत किंग्जबरी या दोघांनी ही कल्पना स्वतंत्रपणे शोधली. किंग्जबरींचे थ्रस्ट बेअरिंग १९१२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या हॉल्टवुड जलविद्युत केंद्रात बसले आणि उभ्या शाफ्टच्या मोठ्या जनित्रांचा मार्ग मोकळा झाला. तोवर सगळा फिरणारा भार रोलर बेअरिंगवर टांगायचा, तर ती फार लवकर निकामी होत. आज कोयनेच्या चौथ्या टप्प्यातल्या २५० मेगावॅटच्या जनित्रांसारख्या यंत्रांचे वजन पेलायला दुसरा व्यवहार्य पर्याय नाही.

हायड्रोस्टॅटिकविषयी एक गोष्ट पुस्तके घाईत उरकतात, म्हणून थोडे जास्त सांगतो. १०० चौरस सेंटीमीटर परिणामी क्षेत्रफळाच्या खिशात २० बार दाब असेल तर तो २० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे दोन टन उचलतो. इथवर सोपे आहे. आता एकाच पंपावर असे चार खिसे जोडा आणि भार एका बाजूला सरकवा. हलक्या बाजूची फट मोठी होते, सगळे तेल तिकडून निसटते, आणि जिथे दाब हवा तो खिसा उपाशी राहतो. म्हणून प्रत्येक खिशाच्या आधी रोधक लागतो : केशनळी, बारीक छिद्र किंवा पडद्याचा झडपवजा रोधक. फट अर्धी झाली की तिच्यातून जाणारे तेल आठवा भाग होते. प्रवाह घटला की रोधकातला दाबाचा ऱ्हास घटतो आणि खिशातला दाब चढून भार परत ढकलतो. बेअरिंगचा ताठपणा म्हणतात तो इथून येतो. रोधक नसलेले, एकाच पंपावरचे अनेक खिशांचे बेअरिंग उभेच राहत नाही. प्रत्येक खिशाला स्वतंत्र, ठरावीक प्रवाहाचा पंप दिला तर मात्र रोधकाची गरज नाही.

कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेची २०० इंची दुर्बीण १९४८ पासून अशाच तेलाच्या गाद्यांवर फिरते. तिचा फिरणारा भाग सुमारे ५०० टनांचा आहे आणि वेग ताऱ्यांच्या मागे जाण्याएवढा, म्हणजे दिवसाला एक फेरा. एवढ्या मंद गतीत पाचर तयार होणे अशक्य. तिथे पंपच हवा.

प्रश्न : आमच्या वर्कशॉपमध्ये एका पंख्याच्या शाफ्टला नवीन गनमेटल बुश (नळीसारखे साधे बेअरिंग) बसवले. तेल चांगले पोचावे म्हणून आत इंग्रजी आठच्या आकड्यासारखे खोल ग्रूव्ह (चर) मारले. तरी बुश तापते आणि दोन महिन्यांत ढिले होते. पूर्वीचे बिनग्रूव्हचे बुश जास्त टिकले होते.
— फिटर, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

उत्तर : ग्रूव्हमुळेच हे झाले असण्याची शक्यता मोठी आहे. भार घेणाऱ्या बाजूला ग्रूव्ह मारणे म्हणजे पाचरीलाच चीर पाडणे. तिथे तयार झालेला दाब ग्रूव्हवाटे निसटतो. आखूड बुशची भार पेलण्याची क्षमता लांबीच्या घनाच्या प्रमाणात असते. मधोमध गोल ग्रूव्ह मारून बुशचे दोन अर्धे केले, तर दोघे मिळून मूळ क्षमतेच्या चौथ्या भागाइतकेच पेलतात.

ग्रूव्ह भार नसलेल्या बाजूला मारा : एकच, सरळ, शाफ्टच्या लांबीच्या दिशेने, दोन्ही टोकांना लांबीचा दहावा भाग कोरा सोडून. त्याच्या कडा गोल करा. धारदार कड तेल आत ओढू देत नाही, शाफ्टवरून खरवडून काढते.

आता ‘भार नसलेली बाजू’ कोणती, हे नीट पाहा. वजन खाली असते म्हणून भोक वर ठेवण्याची सवय असते. पण तुमचा पंखा पट्ट्यावर चालत असेल आणि मोटर वर बसवलेली असेल, तर पट्टा शाफ्टला वर ओढतो. अशा वेळी वरचे भोक बरोबर भाराच्या जागी येते आणि तेल आत जाण्याऐवजी बाहेर यायला बघते. टॉवर यांच्या बुचासारखेच.

दुसरी शक्यता क्लिअरन्सची. व्यासाच्या हजाराव्या भागाइतका क्लिअरन्स हा सुरुवातीचा अंदाज : ५० मिमीला ०.०५, फार तर ०.०७ मिमी. बुश हाउसिंगमध्ये दाबून बसवले की त्याचा बोर आक्रसतो, आणि बाहेरून दिलेल्या घट्टपणाचा बराचसा भाग आत उतरतो. बाकावर ०.०५ मोजलेले बुश दाबल्यावर ०.०२ वर येऊ शकते. म्हणून फायनल रीमिंग (बोर कापून अचूक मापाला आणणे) दाबून बसवल्यानंतरच करा, आधी नाही. शाफ्टला निळा रंग लावून फिरवा. रंग एकाच टोकाला उठला तर शाफ्ट आणि बुश एका रेषेत नाहीत, आणि ते तिरपेपण कोणतेही तेल झाकू शकत नाही.

प्रश्न : उसाच्या मिलच्या रोलरला आम्ही दाट तेल भरपूर देतो, तरी प्रत्येक हंगामात गनमेटल लायनर झिजते. टर्बाइनचे बेअरिंग मात्र वर्षानुवर्षे तसेच राहते. तेलात काही खोट आहे का?
— मिल फिटर, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : खोट तेलात नाही, वेगात आहे. मिलचा रोलर मिनिटाला चार-पाच फेरे घेतो. ४०० मिमीचा जर्नल धरला तरी त्याच्या पृष्ठभागाचा वेग सेकंदाला १० सेंटीमीटरच्या आसपासच भरतो. टर्बाइनच्या जर्नलचा वेग सेकंदाला कित्येक दहा मीटर असतो. त्यात मिलच्या बेअरिंगवर दर चौरस सेंटीमीटरला शंभर किलोच्या आसपास भार. इतक्या मंद गतीने पुरेशी पाचर उभी राहत नाही, आणि धातूची टोके थर भेदून एकमेकांना घासत राहतात. याला मिश्र किंवा सीमावर्ती वंगण म्हणतात. वेग, दाटपणा आणि भार यांनुसार घर्षण कसे बदलते याचा आलेख स्ट्रायबेक यांनी १९०२ मध्ये काढला. तुमची मिल त्या आलेखाच्या डाव्या टोकाला आहे आणि टर्बाइन उजव्या.

झीज पूर्ण थांबणार नाही, कमी मात्र करता येते. तेल दाट ठेवायचे म्हणजे थंड ठेवायचे. म्हणून लायनरच्या पोकळीतले थंड पाणी वाहते आहे का, हे प्रत्येक पाळीत बाहेर येणाऱ्या पाण्याला हात लावून पाहा. पाणी बंद पडून बेअरिंग तापले की तेल पातळ होते आणि उरलासुरला थरही जातो. दुसरा शत्रू रस आणि बगॅसचे (उसाच्या चिपाडाचे) कण. रस आम्लधर्मी असतो, तो जर्नलला गंज आणतो, आणि गंजलेला जर्नल लायनरला कानशीसारखा खातो. सील आणि रस अडवणाऱ्या कॉलरवर केलेला खर्च महागड्या तेलावरच्या खर्चापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

प्रश्न : ओव्हरहॉलनंतर आमची ६००० फेऱ्यांची टर्बाइन थरथरते. व्हायब्रेशनच्या आलेखात १०० हर्ट्‌झपेक्षा ४६ हर्ट्‌झला मोठा उंचवटा दिसतो. बॅलन्सिंग दोनदा केले, फरक नाही.
— देखभाल अभियंता, सोलापूर

उत्तर : बॅलन्सिंगने फरक पडणार नाही; असमतोलाचा उंचवटा १०० हर्ट्‌झलाच दिसला असता. ४६ हर्ट्‌झ म्हणजे वेगाच्या ०.४६ पट, ही तेलाच्या भोवऱ्याची खूण आहे. बुशला चिकटलेले तेल स्थिर आणि शाफ्टला चिकटलेले शाफ्टच्या वेगाचे, म्हणून मधले तेल सरासरी निम्म्या वेगाने फिरते. गळतीमुळे निम्म्याहून किंचित कमी. शाफ्टवर भार पुरेसा नसेल तर हे फिरते तेल त्यालाच बेअरिंगमध्ये गोल ढकलत नेते.

ओव्हरहॉलनंतर हे सुरू झाले, म्हणून आधी अलाइनमेंट तपासा. कपलिंग थोडे वर बसले असेल तर एका बेअरिंगवरचा भार शेजारच्यावर जातो आणि हलके झालेले बेअरिंग भोवऱ्यात सापडते. मग क्लिअरन्स मोजा. नवीन बेअरिंग मोठ्या बोरचे लागले असू शकते. तोवर उत्पादकाच्या मर्यादेत राहून तेलाचे तापमान पाच अंश वाढवून पाहा. तेल पातळ झाल्यावर उंचवटा लक्षणीय घटला तर निदान पक्के. कायमचा उपाय टिल्टिंग पॅड, कारण पॅड डुलू शकत असल्याने शाफ्टला आडवे ढकलणारे बल उभेच राहत नाही.

वेग वाढवतानाही हा उंचवटा रोटरच्या पहिल्या क्रिटिकल वेगाच्या (ज्या वेगाला रोटर स्वतःच्या नैसर्गिक कंपनाने थरथरतो) वारंवारतेवर अडकून राहिला, तर मशीन लगेच थांबवा. हा भोवरा आता रोटरच्या स्वतःच्या कंपनाला जोडला गेला आहे, आणि बेअरिंग फुटायला मिनिटे पुरतात.

प्रश्न : सौर कृषिपंपाच्या बोअरमधली मोटर दीड वर्षात गेली. दुरुस्तीवाल्याने ‘खालचे कार्बन संपले’ असे सांगितले. विजेवरचा पंप आठ वर्षे चालला होता. कार्बन म्हणजे काय, आणि ते लवकर का संपले?
— शेतकरी, सांगोला तालुका

उत्तर : पाण्याने भरलेल्या सबमर्सिबल मोटरच्या तळाशी थ्रस्ट बेअरिंग असते : स्टेनलेस स्टीलचे डुलणारे तुकडे आणि त्यांच्यावर फिरणारी कार्बनची चकती. पंपाचा सगळा खालच्या दिशेचा रेटा ही जोडी घेते. वर सांगितलेल्या मिशेल-किंग्जबरी बेअरिंगचेच हे छोटे रूप, फक्त तेलाऐवजी मोटरमधले पाणी. पाण्याचा दाटपणा तेलाच्या तिसाव्या भागाहूनही कमी असल्याने थर काही मायक्रॉनचाच होतो आणि तो टिकायला पुरेसा वेग लागतो.

विजेवरची मोटर चालू झाली की एका सेकंदाच्या आत पूर्ण वेग घेते. सौर पंपात ऊन कमी असले की कंट्रोलर मोटर हळू चालवतो. सकाळी, संध्याकाळी आणि ढग येता-जाता ती मंद फिरते, थांबते, पुन्हा सुटते. प्रत्येक सुरुवातीला आणि प्रत्येक थांबण्याला कार्बन स्टीलवर कोरडा घासतो. बऱ्याच मोटरांच्या पुस्तिकेत ३० हर्ट्‌झपेक्षा खाली चालवू नका, असे सांगितलेले असते ते यासाठीच. कंट्रोलरमध्ये किमान वारंवारता किती ठेवली आहे ते बसवणाऱ्याकडून पाहून घ्या, ती मोटरच्या पुस्तिकेतल्या आकड्याखाली नको. थांबल्यावर पुन्हा सुरू होण्याआधीचा वेळही वाढवून घ्या. सकाळी अर्धा तास पाणी उशिरा आले तरी चालेल.

नवी मोटर सोडताना ती उभी धरून स्वच्छ पिण्याच्या पाण्याने काठोकाठ भरा, हलवून हवा काढा, अर्ध्या तासाने पुन्हा भरा. हवेचा बुडबुडा आत राहिला तर तेवढा भाग कोरडा राहतो. जुन्या मोटरमधून काढलेले पाणी काळे असेल तर कार्बन झिजतो आहे. शाफ्ट खाली बसला की इंपेलर घासू लागतात आणि अँपिअर वाढतात. पाणी कमी आणि अँपिअर जास्त, असे दिसू लागताच मोटर वर काढा, वाइंडिंग वाचते.

प्रश्न : आमच्या तपासणी विभागात ग्रॅनाइटचे थ्री-डी मापन यंत्र आहे. त्याचा पूल (ग्रॅनाइटवर सरकणारी कमान) एका ठिकाणी जड लागतो. तिथे हलके तेल लावावे का?
— गुणवत्ता निरीक्षक, भोसरी

उत्तर : तेल अजिबात लावू नका. पूल पाच ते दहा मायक्रॉनच्या हवेच्या थरावर तरंगतो. तेलाचा पापुद्रा आणि त्यावर बसलेली धूळ एवढी फट सहज भरून टाकते. ग्रॅनाइट आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओल्या केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने एकाच दिशेने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. बहुतेक वेळा एवढ्याने काम होते.

नाही झाले तर हवेचा दाब यंत्रापाशी मोजा, आणि तोही पूल हलत असताना. कॉम्प्रेसरवर सहा बार असले तरी फिल्टर तुंबल्यावर यंत्रापाशी चारच पोचतात. पावसाळ्यात ओळीत पाणी साचते, म्हणून ड्रायर आणि फिल्टरचा निचरा रोज पाहा. शेवटी प्रत्येक पॅडजवळ डायल लावून हवा बंद आणि चालू करा. काटा प्रत्येक ठिकाणी सारखाच उचलला गेला पाहिजे. एखादा पॅड कमी उचलतो असे दिसले तर त्याचे छिद्र सुईने टोकरू नका. ते छिद्र हाच त्याचा रोधक आहे, आणि मोठे झाले की बेअरिंग गुणगुणत थरथरू लागते. पॅड काढून निर्मात्याच्या माणसाकडे द्या, आणि हवा बंद असताना पूल कोणी हाताने ढकलणार नाही अशी पाटी यंत्रावर लावा.